तीनशे तीनची ट्रॉफी

निकेश घरतनं लेथ मशीन घेतलं तेव्हा पाणखार गावात बरेच दिवस त्याचीच चर्चा होती. पनवेलच्या खाडीला लागून असलेलं हे गाव. निकेशच्या वयाच्या पोरांपैकी कुणी डंपर घेतला होता, कुणी जेसीबी, कुणी बिल्डरांना खडी पुरवत होता. त्याचा चुलतभाऊ मितेश याच्याकडे तर हायड्रा क्रेन होती, आणि ती तो वरातीतसुद्धा बँडच्या पुढे घालायचा. निकेशनं मात्र तळोज्याच्या एमआयडीसीत एक गाळा घेतला, त्यात मशीन बसवलं आणि मशीनच्या काचेला नाक लावून दिवसभर आत बघत उभा राहू लागला.

त्याचे वडील महादेवशेठ एकदा गाळा बघायला आले. दारातूनच बघून परत गेले. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "नटबोल्ट करतंय तुझा पोर."

"कोनाचे?" भामानं विचारलं.

"कोनाचे म्हंजे काय? लोकांचे."

"मंग करूदे की. लोकांना लागतातच ना."

महादेवशेठना हे उत्तर पटलं नाही. पाहुण्यांत कुणी विचारलं की मुलगा काय करतो, तर ते "इंडस्ट्री हाय त्याची" एवढंच सांगायचे आणि विषय क्रिकेटकडे वळवायचे. कारण क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष ते होते, आणि त्या विषयात त्यांना कुणी प्रश्न विचारत नसे.

खरं तर निकेशची सुरुवात वाईटच झाली होती. तळोज्यातल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यानं त्याला स्टेनलेस स्टीलच्या छोट्या बुशांची, म्हणजे दांड्यावर बसणाऱ्या पोकळ कड्यांची, ऑर्डर दिली. त्यानं नेहमीचं, भांड्याकुंड्यांचं असतं तसलं, तीनशे चार नंबरचं स्टील आणलं. ते कापताना कीस तुटेचना. लांबच लांब वेटोळी निघायची, हत्याराला गुंडाळायची, फिरणाऱ्या तुकड्याला गुंडाळायची, आणि आतमध्ये सुगरणीचं घरटं व्हायचं. निकेश दर थोड्या वेळानं मशीन थांबवून पक्कडीनं ते घरटं उपसत बसायचा. एकदा त्याच्या शर्टाची बाही त्यात अडकली, तेव्हा तो कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये भांडायला गेला.

गोदामाच्या काउंटरवर समीक्षा बसली होती. गोदाम तिच्या मामाचं, पण धातूंचं शिक्षण तिनं घेतलं होतं आणि मामा फक्त चहा मागवायचा. निकेशनं पिशवीतून ते घरटं काढून तिच्यापुढे ठेवलं.

"हे बघा तुमचं स्टील."

तिनं घरट्याकडे बघितलं, मग त्याच्या फाटक्या बाहीकडे. "स्टीलमध्ये काही दोष नाही. तुम्ही चुकीचं घेतलंत. लेथवर भरपूर काम असेल तर तीनशे तीन घ्यायचं. यात मुद्दाम थोडं गंधक घालतात. त्यामुळे कीस आपोआप तुटतो."

"गंधक? फटाक्यातलं?"

"तेच. फक्त हे फुटत नाही."

ती हसली नव्हती, पण निकेशला ती हसल्यासारखी वाटली. तो भांडायचं विसरला आणि दोन सळ्या घेऊन आला. मशीनला लावल्या, आणि आत कुरमुऱ्यांसारखा बारीक, सुटसुटीत कीस पडायला लागला. हत्यार सळीवरून असं सरकत गेलं की जणू दुधी किसतोय. बुशला अंगचीच गुळगुळीत कड आली. निकेशनं त्या दिवशी गरज नसताना बरेच जास्तीचे बुश करून टाकले.

तेव्हापासून त्याला तीनशे तीनशिवाय काही सुचेना. नट, पिना, नळांचे जोड, पंपांचे दांडे, जे येईल ते त्यातच. मालही दर वेळी थोडाथोडाच आणायचा, म्हणजे पुन्हा कळंबोलीला जावं लागेल. समीक्षाच्या मामाला वाटलं, बिचाऱ्याकडे जागा कमी असेल.

* * *

त्याच सुमारास पाणखारच्या क्रिकेट स्पर्धेची तयारी सुरू झाली.

पनवेल-उरणच्या गावांत ट्रॉफी किती उंच, यावरून स्पर्धेची पत ठरते. आदल्या वर्षी महादेवशेठनी माणसापेक्षा उंच, सोनेरी ट्रॉफी आणली होती. पण ती होती प्लास्टिकची. बक्षीस समारंभाच्या वेळी खाडीवरून वारा सुटला आणि ट्रॉफी उभ्या उभ्या उडाली. ती आधी प्रमुख पाहुण्यांच्या डोक्यावर बसली, मग मंडपाच्या कापडाला जाऊन चिकटली. त्याचा व्हिडिओ पार उरणच्या मोरा बंदरापर्यंत पोचला. तिथल्या एका नातेवाइकानं महादेवशेठना फोन करून विचारलं होतं, "पतंग महोत्सव ठेवलाव काय?"

हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं. जेवताना ते म्हणाले, "औंदा ट्रॉफी अशी पायजे, का वारा आला तर वाऱ्यानं बाजूनं जावा."

निकेशच्या तोंडात घास होता. तो गिळायच्या आधीच बोलून गेला, "मी करतो, बाबा. स्टेनलेस स्टीलची. सॉलिड."

महादेवशेठनी त्याच्याकडे बघितलं. मुलाच्या धंद्यातला एखादा शब्द त्यांना पहिल्यांदाच आवडला होता.

"सॉलिड म्हंजे आतून पन?"

"आतून पन."

"पोकळ कायच नाय?"

"कप तेवढा पोकळ. नायतर त्याला कप कोन म्हनंल?"

"कप र्‍हाऊ दे पोकळ," महादेवशेठनी परवानगी दिली. "बाकी सॉलिड."

दुसऱ्या दिवशी निकेश कळंबोलीत. त्यानं समीक्षापुढे चित्र ठेवलं. खाली जाड बैठक, वर खांब, खांबावर कप आणि कपावर झाकण. उंची महादेवशेठच्या टोपीपर्यंत. तिनं चित्र बघितलं, मोबाइलवर काहीतरी गुणाकार केला आणि विचारलं, "हे उचलणार कोण?"

"जिंकलेली टीम."

"क्रिकेटची ना? भारोत्तोलनाची नाही?"

"अकरा जण असतात," निकेश म्हणाला. "आणि खरं सांगू का, उचलायची वेळच येणार नाही. आमचीच टीम जिंकते. ट्रॉफी गावातच राहते."

"मग माझं ऐका. पाइप वापरा, तीनशे चारचा. हलकी होईल."

"पण तीनशे तीन इतकं छान कापलं जातं."

यावर तिनं चित्र त्याच्याकडे परत सरकवलं. मग बोटं मोजत म्हणाली, "ठीक आहे. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. याला वेल्डिंग करायचं नाही. गंधकामुळे जोड तडकतो. सगळं आट्यांवर बसवा. दुसरं, खाऱ्या हवेत उघड्यावर ठेवायचं नाही, डाग पडतात. तिसरं, आरशासारखी चमक मागू नका, ती याला येत नाही."

निकेशनं तिन्ही वेळा मान हलवली. ती बोटं मोजताना तिची अंगठी कशी हलते, हे त्यानं अगदी नीट बघितलं होतं.

घागरीएवढ्या जाडीची सळी टेम्पोतून तळोज्याला आली. ती एका वेळी मशीनवर बसणार नव्हती, म्हणून निकेशनं तुकडे केले, एकेक कोरला आणि आटे पाडून एकात एक फिरवून बसवला. खांबाला कमळासारख्या कडा आल्या. कप आतून कोरताना कीस इतका पडला की गाळ्यात बूट बुडायला लागले. त्या दिवसांत निकेश इतका खूश होता की भामानं त्याला दोनदा कपाळाला हात लावून ताप बघितला.

अंतिम सामना दोन दिवसांवर आला असताना महादेवशेठ ट्रॉफी बघायला आले. भोवती फिरले. हातानं ढकलून बघितली. ट्रॉफी हलली नाही, तेच मागे सरकले. चेहऱ्यावर समाधान पसरलं. मग त्यांनी वर बघितलं.

"चेंडू कुठं हाय?"

"कुठला चेंडू?"

"क्रिकेटची ट्रॉफी ना? वर चेंडू पायजे. मोठा. कलिंगडाएवढा."

निकेशनं उरलेल्या सळीतून कलिंगडाएवढा चेंडू केला. शिवणसुद्धा कोरली. पण तो बसवायला झाकण उघडून आटे पाडायला हवे होते, आणि झाकण त्यानं पातळ केलेलं, त्यात आट्यांना जागाच नव्हती.

"मंग वेल्डिंग मार," महादेवशेठ म्हणाले.

"बाबा, याला वेल्डिंग चालत नाय."

"माझ्या गेटाला चालला. टॅक्टरला चालला. तुझ्या आजीच्या पलंगाला चालला. याला काय झाला?"

निकेशकडे उत्तर होतं, पण वडिलांसमोर त्याची उत्तरं नेहमी घशापर्यंतच यायची. पनवेलहून गेटवाला उदयसिंह आला. त्यानं चेंडू झाकणावर ठेवला, गोल टाका मारला, घासून गुळगुळीत केला आणि म्हणाला, "शेठ, आता हा चेंडू तुमच्या नातवापर्यंत हलत नाही."

निकेशनं कान लावला. जोड थंड होताना आतून बारीक 'टिक' आवाज आला. त्यानं ठरवलं की तो आवाज पंख्याचा असावा.

* * *

रविवारी दुपारी मितेशनं हायड्रानं ट्रॉफी आणली. आधी ती स्टेजवर ठेवून बघितली. प्लायवूड असं करकरलं की पहिल्या रांगेतले पाहुणे उठून मागच्या रांगेत जाऊन बसले. शेवटी मैदानाच्या वरच्या अंगाला सिमेंटचा ओटा होता, त्यावर ट्रॉफी उभी केली. तिथून मैदान हळूहळू उतरत खाडीकडे जातं. वारा सुटला होता. महादेवशेठ वाऱ्याकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून ट्रॉफीशेजारी उभे राहिले. दोघंही हलले नाहीत.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. फक्त पाणखार हरलं.

समोरचा संघ कामोठ्याच्या एका सोसायटीचा होता. त्यातले निम्मे लॅपटॉपवर काम करणारे, दोघांच्या पाठीला पट्टा. अंतिम फेरीत कसे आले, हे त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. त्यांचा कॅप्टन सत्यजीत बेलापूरला बँकेत होता. शेवटच्या चेंडूवर त्यानं डोळे मिटून बॅट फिरवली, चेंडू कडेला लागून स्लिपच्या डोक्यावरून गेला आणि सामना संपला. डोळे उघडल्यावर सत्यजीतनं पंचांना विचारलं, "सर, काय झालं?"

महादेवशेठचा चेहरा उतरला, पण ते दिलदार माणूस. त्यांनी माइक घेतला, कामोठेकरांचं अभिनंदन केलं आणि म्हणाले, "या पोरांनो. घेऊन जा तुमची ट्रॉफी."

पोरं आली. सत्यजीतनं ट्रॉफीला हात घालून उचलायचा आविर्भाव केला. फोटोग्राफर म्हणाला, "सर, उचला." सत्यजीत म्हणाला, "उचलतोच आहे." मग अकराही जण आले. कुणी बैठकीला धरलं, कुणी खांबाला मिठी मारली. सर्वांत उंच जो होता, त्याला धरायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यानं वरचा चेंडू धरला.

"एक, दोन, तीन," सत्यजीत म्हणाला.

टक. सुपारी फोडल्यासारखा आवाज आला. उंच मुलाच्या हातात चेंडू आला, त्या वजनानं तो वाकला, त्यानं घाबरून हात काढले आणि चेंडू धप्पकन ओट्यावर पडला. सगळ्यांनी पाय उचलले. कुणाला लागलं नाही. चेंडू ओट्यावर क्षणभर विचार करत थांबला, मग कडेवरून मैदानात उतरला आणि उताराला लागला.

आता, या भागातल्या कॉमेंट्रीवाल्याचा एक नियम असतो. माइक हातात आहे तोवर थांबायचं नाही. सकाळपासून बोलून त्याचा आवाज बसला होता, तरी त्यानं बघितलं की चेंडू निघालाय, आणि त्याची जीभ आपोआप सुरू झाली.

"आनि चेंडू निघालेला हाय मिड-ऑनच्या दिशेनं... फिल्डर कोनी नाय... आडवाला कोनी जाऊ नका रे, पाय मोडंल... चेंडूनं पिच पार केलेली हाय... वेग वाढतोय... वडापावची गाडी बाजूला घ्या, घेतली, धन्यवाद... चेंडू सीमारेषेकडे... आनि हा चौकार."

पंच खुर्चीवर पाणी पीत होता. त्याचा मोकळा हात सवयीनं उठला आणि आडवा हलला. चेंडू सीमारेषेच्या दोरीवरून उडाला, खारफुटीत शिरला, आणि खाडीच्या चिखलात 'गप्प' असा आवाज करून दिसेनासा झाला.

महादेवशेठ अजून हस्तांदोलनासाठी हात पुढे करून उभे होते. तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ पुढे आले. ते सोसायटीचे सेक्रेटरी, चारुदत्त. त्यांनी घसा साफ केला.

"एक विचारायचं होतं. तो चेंडू ट्रॉफीचाच भाग धरायचा, की वेगळा?"

निकेश ओट्यामागे उभा होता. त्याला एकच गोष्ट बरी वाटत होती, की समीक्षा इथं नाही. मग त्यानं मोबाइल बघितला. चेंडूचा व्हिडिओ एव्हाना सगळीकडे फिरला होता आणि तो तिच्याकडूनच आला होता. खाली तिनं फक्त लिहिलं होतं, "पहिलं बोट."

* * *

चेंडू नसला तरी ट्रॉफी द्यायलाच हवी होती. मितेशच्या हायड्रानं ती कामोठ्याला नेली. मागून टीम बाइकवर हॉर्न वाजवत निघाली. सोसायटीच्या फाटकावर चारुदत्त आधीच येऊन उभे होते, दोन्ही हात पसरून.

"आत नाही आणायची."

"साहेब, तुमचीच ट्रॉफी हाय," मितेश क्रेनमधून म्हणाला.

"आमचीच आहे, म्हणूनच सांगतो. लॉबीच्या खाली पार्किंग आहे. स्लॅबला हा भार चालतो असं इंजिनिअरनं लिहून दिल्याशिवाय मी ही आत घेणार नाही. उद्या ट्रॉफी खाली गेली तर कुणाच्या तरी गाडीवर जाईल, आणि तिथे माझी गाडी असते."

क्लब हाऊस पहिल्या मजल्यावर. बागेत लॉन नुकतंच लावलेलं. फाटकाजवळ ठेवली तर कचऱ्याची गाडी वळत नाही. बराच वेळ वाद झाला आणि शेवटी ट्रॉफी वरातीसकट पाणखारच्या त्याच ओट्यावर परत आली. तात्पुरती, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं.

मग एक गंमतच सुरू झाली. दर रविवारी सकाळी सत्यजीत आणि त्याची टीम आपली ट्रॉफी बघायला पाणखारला यायला लागली. आधी एकटे आले. मग बायकामुलांना घेऊन आले. मुलं ट्रॉफीच्या बैठकीवर चढून बसायची. ओटा घरतांच्या दारासमोरच, त्यामुळे भामानं पहिल्या रविवारी चहा दिला, दुसऱ्या रविवारी पोहे, आणि महिनाभरात ती शनिवारीच कोलंबी निवडायला बसायला लागली. चारुदत्तही यायचे. ते ट्रॉफीभोवती एक फेरी मारायचे, ओट्याला तडा गेलाय का बघायचे आणि मग जेवायला बसायचे. ओहोटीला कोळ्यांनी चेंडूही चिखलातून ओढून काढला होता. तो ट्रॉफीच्या पायाशी ठेवलेला असे.

महादेवशेठना हे सगळं आवडायला लागलं होतं. हरल्याचं दुःख मागे पडलं. ट्रॉफी दुसऱ्याची असली तरी दारात होती.

मग डाग पडायला लागले.

आधी चेंडूवर, मग खांबाच्या कमळावर. बारीक, तपकिरी, टाचणीच्या टोकाएवढे. सत्यजीतनं एका रविवारी वाकून बघितलं. "काका, हे काय आहे?"

महादेवशेठनीही वाकून बघितलं. "तीळ हायत," ते म्हणाले. "नजर लागू नये म्हनून."

भामाला मात्र ते तीळ पटले नाहीत. तिनं पितळेच्या समईला लावतात तशी चिंच आणली, वर मूठभर मीठ टाकलं आणि दुपारभर ट्रॉफी घासून काढली. त्या दिवशी ट्रॉफी छान दिसली. पुढच्या रविवारी ट्रॉफीला देवी आल्यासारखं दिसत होतं.

चारुदत्त गंभीर झाले. "आमची मालमत्ता तुमच्या ताब्यात असताना तिला गंज चढलाय. यावर तज्ज्ञाचं मत घ्यावं लागेल."

तज्ज्ञ म्हणजे कोण, हे निकेशला विचारावं लागलं नाही.

समीक्षा आली ती थेट ओट्याजवळ गेली. बोट फिरवलं. एक डाग नखानं खरवडला. भोवती दोन्ही गावं उभी होती, म्हणजे एक गाव आणि एक सोसायटी. निकेश तिच्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

"हे होणारच होतं," ती म्हणाली. "कापायला सोपं जावं म्हणून यात गंधक घातलेलं असतं. त्याचे बारीक कण आत पसरलेले असतात. म्हणून कीस तुटतो. पण तेच कण पृष्ठभागावर येतात आणि खारं पाणी तिथूनच कुरतडायला लागतं. घरात, कपाटात ठेवलं असतं तर वर्षानुवर्षं काही झालं नसतं. इथं खाडी आहे. त्यात मीठ चोळलंय."

भामानं पदर सावरला. "चिंचपन लावली होती," तिनं प्रामाणिकपणे सांगितलं.

"मंग हा स्टील खराब हाय," महादेवशेठ म्हणाले.

"स्टील चांगलं आहे, काका. फक्त त्याला जे जमतं ते आपण त्याला करू दिलं नाही."

महादेवशेठ काहीतरी बोलणार होते, पण त्याआधी निकेश बोलला. घशापर्यंत आलेलं उत्तर या वेळी बाहेर पडलं. "हिनं मला सगळा सांगितला होता, बाबा. वेल्डिंग नको, खारी हवा नको. मी फक्त मान हलवली. आता माझा ऐका. ही ट्रॉफी कापूया."

"कापूया?"

"तुकडे करायचे. वरचा खराब थर लेथवर निघून जाईल. आतला माल चांगलाच हाय, सॉलिड हाय. त्याचे छोटे छोटे कप करतो. त्यांच्या प्रत्येक प्लेयरला एक, आपल्यापन प्रत्येकाला एक. लोक घरात ठेवतील."

महादेवशेठ घरात निघून गेले आणि दार लावून घेतलं. सगळी मंडळी ओट्याजवळ तशीच उभी राहिली. चारुदत्तांनी हळूच विचारलं, "आज जेवण आहे ना?" भामा दाराशी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अवो, ट्रॉफी त्यांची हाय. तुमची नाय. त्यांना इचारा की."

सत्यजीतला विचारलं. तो जरा लाजला. "खरं सांगू का, काका? ऑफिसात टेबलावर ठेवता येईल असं काहीतरी हवंच होतं. तिथे कुणाचा विश्वासच बसत नाही आम्ही जिंकल्याचा."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. महादेवशेठ टोपी घालून बाहेर आले. "कापतानी मी समोर बसनार," ते म्हणाले. "अंत्ययात्रेला घरचा मानूस लागतो."

* * *

तळोज्याच्या गाळ्यात त्यांना प्लास्टिकची खुर्ची दिली. मागे सत्यजीतची टीम, पाणखारची टीम आणि चारुदत्त दाटीवाटीनं उभे राहिले. निकेशनं खांबाचा पहिला तुकडा मशीनच्या जबड्यात, चकमध्ये, बांधला, दार बंद केलं आणि बटण दाबलं.

तुकडा फिरायला लागला. हत्यार पुढे आलं, टेकलं, आणि पांढऱ्या तेलाच्या धारेखाली तपकिरी साल निघून गेली. आतून नवं, फिकट रुपेरी स्टील वर आलं. कीस बारीक बारीक होऊन सरीसारखा पडत होता. मग कड आली, मग गळा, मग पोटाचा गोलवा. महादेवशेठ आधी खुर्चीत टेकून बसले होते, मग पुढे सरकले, मग उठले, आणि शेवटी त्यांचं नाक काचेला लागलं.

मशीन थांबलं. निकेशनं कप बाहेर काढून पुसला आणि त्यांच्या हातात दिला. तो अजून कोमट होता. त्यांनी तो उलटा केला, सुलटा केला, अंगठा कडेवरून फिरवला.

"ह्या असा तू रोज करतंस?"

"रोज."

"नटबोल्टपन असेच होतात?"

"असेच, बाबा."

महादेवशेठनी कप सत्यजीतला दिला. मग खुर्ची उचलून काचेच्या अगदी जवळ ठेवली आणि बसले. "दुसरा लाव," ते म्हणाले.

सगळे कप व्हायला बरेच दिवस लागले. महादेवशेठ एकही दिवस चुकले नाहीत. पुढे कप संपले तरी ते येतच राहिले. कारखान्याचा माणूस माल घ्यायला आला की ते त्याला आधी बुश दाखवायचे, मग बोटावर ठेवून फिरवून दाखवायचे, आणि घाई असलेल्या माणसाला गंधकाविषयी सविस्तर सांगायचे. त्यातलं निम्मं चुकीचं असे. एकदा समीक्षा सळ्या घेऊन टेम्पोबरोबर आली तेव्हा ते एका इंजिनिअरला सांगत होते की गंधकामुळे स्टीलला सर्दी होत नाही. तिनं ते ऐकलं आणि दुरुस्त केलं नाही.

त्या दिवशी भामा डबा घेऊन आली होती. तिनं समीक्षाला हाताला धरून बसवलं आणि ताटात भाकरी वाढली.

"मासळी खातंस?"

"खाते."

"हाताची, का बाजारातली?"

"म्हणजे?"

"म्हंजे स्वतः साफ करतंस, का दुसऱ्यानं करून दिलेली खातंस?"

"स्वतः करते. जिताडाही करते."

भामानं महादेवशेठकडे बघितलं. महादेवशेठनी इंजिनिअरला तिथेच सोडलं आणि ताटावर येऊन बसले. "घर कुठं तुमचा?" त्यांनी विचारलं. "वडील काय करतात?"

निकेशचे कान लाल झाले. तो उठला आणि मशीनच्या काचेला नाक लावून आत बघत उभा राहिला. मशीन बंद होतं.